अंदाजे

गजा मेस्त्री शिडीवरून उतरला
तो मुठीत वाशाचा भुगा घेऊन.
तपकिरीसारखा फुंकला.
"कौलांक इचारू नको," म्हणाला, "वाशांक इचार."

तेहतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर,
मालवण, आचरा, देवगड.
चिल्लरीचा हिशेब चुकला नाही कधी.
मला वाटायचं, छप्पर म्हणजे कौलं:
मोजा, दराने गुणा, फाडा तिकीट.

मेस्त्री ओट्यावर खडूने लिहीत गेला.
वासे चौतीस, त्यातले नऊ टिकतील.
रिपा सगळ्या नव्या.
आढं. इथे तो थांबला, विडी शोधली.
"किंजळीचा आसा. हात लावू नको.
ता आपल्या मागसून रवतला."
कौलं उतरवायची मजुरी वेगळी, चढवायची वेगळी.
शंभरातली वीस उतरवतानाच फुटणार,
तीही तुझ्याच खात्यात.
नवं कौल जुन्याच्या खाचेत बसत नाही,
म्हणून अख्खं पाखं एकाच जातीचं कर,
नाहीतर जोडावर पाणी वाट शोधतं.
टेम्पो वडापर्यंतच येतो,
पुढे पाणंदीतून डोक्यावरून. हमाली.
सहा माणसांचा चहा दोनदा.
आणि हे सगळं दिवाळीनंतर लगेच.
वैशाखात आलास तर मेस्त्री मिळणार नाही,
मिळाला तर तो मी नसेन.

शेवटची ओळ त्याने लिहिली:
उघडल्यावर समजेल.
तिच्यापुढे आकडा नव्हता.

भाचा म्हणाला, मामा, पत्रे घाल.
निम्म्यात होतं. माकडं नाचेनात का वर.
माकडांचं खरंच होतं,
गेल्या साली तीन डझन कौलं त्यांनी पाडली.
मी शेवंती खवणेकरणीकडे जाऊन आलो.
सात वर्षांचे पत्रे,
खाऱ्या वाऱ्याने प्रत्येक स्क्रूभोवती तांबूस फूल,
आणि भर दुपारी शेवंती बाहेर, फणसाखाली,
तांदूळ निवडत बसलेली.
"स्वस्त पडले," म्हणाली,
आणि पदराने मान पुसली.

रात्री कुंदाने एकच विचारलं,
"उघडल्यावर आणखी निघालं तर?"
मी पस्तीस हजार बाजूला काढले.
भाच्याला सांगितलं नाही.

उघडलं.
माजघरात ऊन उभं राहिलं,
भिंतीवरचे पाण्याचे जुने ओघळ
सगळ्या वाडीला दिसले.
कुंदाने देव्हाऱ्यावर चादर टाकली.
नऊ म्हणालेले वासे सहाच निघाले.
आणि कोपऱ्यात, चुन्याखाली झाकलेला,
एक वासा दोन तुकड्यांचा:
मधे तिरपा सांधा, लाकडाचीच खुंटी.
मी म्हटलं, फसवलं कुणीतरी.
गजा त्यावरून बोट फिरवत राहिला.
"हो सांधो माझ्या बापाशीचो."
मग बऱ्याच वेळाने,
"तुझ्या बापाशीकडे पैशे नसतले,
नायतर माझ्या बापाशीकडे लाकूड."
शेहेचाळीस वर्षं तो वासा
वजन वाहत होता.
त्याने तो तसाच परत चढवला.
मी काही बोललो नाही.

तीन लाख बारा हजार म्हणालेलं काम
तीन लाख त्रेचाळीस हजार सहाशेवर थांबलं.
कागदाच्या तळाशी त्याच्या अक्षरात:
चूकभूल द्यावी घ्यावी.

सवयीने मी बेरीज दोनदा केली.
दोनशे रुपये त्याचेच राहून गेले होते,
खिळ्यांच्या ओळीत.
तो सायकल वळवत होता.
"मेस्त्री, थांब," मी हाक मारली,
आणि खिशात हात घातला,
सुटे शोधायला.